अच्युतकाकांची तैयारी

आम्ही बावीस वर्षं ज्याच्या समोर राहतो त्या माणसाने एके दिवशी सकाळी आमची बेल वाजवली. मी दार उघडलं, तर अच्युतकाका कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "नमस्कार. मी अच्युत सबनीस. सेवानिवृत्त. समोर राहतो."

माझ्या एका हातात शाळेचा डबा, दुसऱ्या हातात स्कूटीची चावी. माझ्या मागे कुणी नवा पाहुणा उभा आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. मग मी घाबरून विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

काका वैतागले. म्हणाले, "बेटा, तू तुझं नाव सांग ना आधी. मग मी म्हणतो, भेटून आनंद झाला."

मी नाव सांगितलं. माधवी, शाळेत शिकवते, समोर राहते. त्यांना आनंद झाला. ते शेजारच्या फाटकाकडे वळले.

त्या आठवड्यात काकांनी सगळ्या गल्लीला आपली ओळख करून दिली. दूधवाल्याला दिली, इस्त्रीवाल्याला दिली, कोपऱ्यावरच्या निवृत्त जजसाहेबांना दिली. जजसाहेब आणि काका रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसायचे. जजसाहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढची तारीख दिल्यासारखे "उद्या बघू" म्हणाले. भाजीवाल्याने मात्र गाडी थांबवून काकूंना हाक मारली आणि हळूच विचारलं, "माताजी, बाबूजी की तबियत तो ठीक है ना?"

काकूंनी गिलकी निवडता निवडता सांगितलं, "ठीक आहे. परदेशी चाललेत."

आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काका सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. पुलांचे, धरणांचे नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नकाशा काढल्याशिवाय काम सुरू करायचं नाही हा नोकरीतला नियम त्यांनी घरातही लावला होता. "तैयारी पूरी पाहिजे," असं ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. "तयारी" असा शुद्ध शब्द त्यांच्या तोंडी कधी आलाच नाही. इंदूरच्या आमच्या राजेंद्र नगरातून अन्नपूर्णेच्या देवळात जायचं तरी पिशवीत छत्री, बॅटरी आणि एक सुटा नारळ. तिथे नारळ संपले असले तर, म्हणून.

तर या माणसाने सदुसष्टाव्या वर्षी ठरवलं की उरलेलं आयुष्य परदेशात काढायचं. कुणाकडे जायचं म्हणावं तर मुलंबाळं नव्हती. पुतण्या पुण्यात होता, पण पुणं परदेशात धरायला काका तयार नव्हते. त्यांनी ट्रेसिंग पेपरावर जगाचा नकाशा काढला, मोठा, जेवणाच्या टेबलावर मावणार नाही एवढा, आणि एकेक देश पेन्सिलीने खोडायला सुरुवात केली. कॅनडा बर्फामुळे खोडला, गुडघ्यांना थंडी सोसत नाही म्हणून. ऑस्ट्रेलियात कोळी मोठे असतात असं कुणी सांगितलं. दुबई खोडताना म्हणाले, "तिथे अर्धं इंदूरच भेटतं, मग गेलो कशाला?" असं करत करत शेवटी हिंदी महासागरात एक ठिपका उरला. मॉरिशस.

मॉरिशसमध्ये गाड्या डावीकडून चालतात, बर्फ पडत नाही, निवृत्त लोकांना राहायची परवानगी मिळते. आणि कित्येक पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेली मराठी माणसं तिथे आहेत. काका म्हणाले, "इंदूरची मराठी माणसं घर सोडून इतकी वर्षं टिकली, तर तिथलीही टिकली असतील. त्यांचं आपलं जमेल."

मग तैयारी सुरू झाली. तिथे फ्रेंच चालतं म्हणून काका मोबाइलवरून फ्रेंच शिकू लागले. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी चिठ्ठी लावली. दाराला "ला पोर्त", खिडकीला "ला फनेत्र". पोळपाटाला फ्रेंच शब्द सापडेना म्हणून त्याला नुसतं प्रश्नचिन्ह लावलं होतं, आणि काकू त्या प्रश्नचिन्हावरच पोळ्या लाटायच्या. कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्याला काकांनी "बोंझूर" शिकवलं. तो बिचारा ते सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणू लागला आणि लोक त्याला नेहमीच्या इंदुरी होकाराने "हओ भिया, एक दे" म्हणू लागले.

मंगळवार त्यांनी शेवेशिवाय राहायचा सराव म्हणून ठेवला होता. तिथे रतलामी शेव कुठून मिळणार? त्या दिवशी घरात शेवेचा डबा उघडायचा नाही. पहिल्या मंगळवारी दुपारी चारपर्यंत टिकले. मग आमच्याकडे आले आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बेटा, तुमच्याकडची शेव ताजी आहे का, बघतो जरा."

आम्ही हसायचो. सगळी कॉलनी हसायची. हे सगळं कागदावरच राहणार अशी आमची खात्री होती.

निर्मलाकाकूंचं मत कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मला काय गं, तिथेही पोळ्याच करायच्या आहेत." काकू इंदूरच्याच छत्रीबागेतल्या एका शिक्षकांची मुलगी. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा घरात सासूसासरे, धाकटा दीर आणि महिनोन्‌महिने माहेरी राहणाऱ्या दोन नणंदा. अडतीस वर्षं त्या घरात पाहुणा नाही असा आठवडा गेला नसेल. मी काकूंना बसलेलं क्वचित पाहिलं. दारासमोरच्या ओटल्यावर आल्या तरी हातात लसूण असायचा. सासूबाई गेल्या, नणंदा म्हाताऱ्या झाल्या, पण येणं सुटलं नाही. आणि दुपारी अडीचला कुणीतरी आतून हाक मारायचंच, "निर्मला, चहा टाकतेस का?"

पण परवानगी खरंच आली आणि तिकिटं निघाली. जायच्या दिवशी थोरली नणंद भिंतीला टेकून रडली. म्हणाली, "अच्युताला वेड लागलंय, पण या वयात तो निर्मलाला कशाला फरपटत नेतोय?" आम्हा सगळ्यांना हेच वाटत होतं. काकू गाडीत बसल्या, मांडीवर पर्स धरून सरळ समोर बघत राहिल्या. काका उतरून तीनदा कुलूप ओढून आले.

पहिले दोन महिने काकांचे व्हिडिओ कॉल धडाक्याने यायचे. ही आमची गल्ली, हा आमचा डोंगर, हा उसाचा मळा, हे बघ, समुद्राची पट्टी दिसते का त्या झाडामागे? गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. काका उत्साहाने सांगायचे, पण एक घोटाळा झालेला होता. गावातले लोक आपसात फ्रेंच बोलतच नव्हते. ते क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली, बोलत होते. काकांचं इंदुरी फ्रेंच ऐकून दुकानदार मान हलवायचा आणि हिंदीत विचारायचा, "क्या चाहिए?" काका मला म्हणाले, "तैयारी पूरी होती बेटा, भाषा दुसरी निघाली."

ओळखी करण्यात मात्र ते कमी पडले नाहीत. पंधरा दिवसांत अख्ख्या गावाशी त्यांनी हात मिळवला. बस ड्रायव्हरपासून पावाच्या दुकानापर्यंत सगळे त्यांना ओळखू लागले, हात हलवू लागले. पण गोष्ट हात हलवण्याच्या पुढे सरकेना. इंदुरात ते बाकावर बसले की विषय काढावा लागत नसे. तीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात कुणी श्रीखंड सांडलं होतं, तेवढ्यावर संध्याकाळ जायची. तिथे कुणासोबत काय आठवायचं? तिथल्या म्हाताऱ्यांना त्यांची त्यांची श्रीखंडं होती. ओळख करून घ्यायचा सराव काकांनी केला होता; ओळखीनंतर काय करायचं हे ते कधी शिकलेच नव्हते, कारण इथे ते आपोआप होत होतं.

आणि काकूंचं वेगळंच सुरू झालं.

गणपतीत शेजारच्या लक्षुमी नावाच्या म्हाताऱ्या बाई त्यांना गावातल्या सभागृहात घेऊन गेल्या. तिथे बायका मराठी गाणी म्हणत होत्या. पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे आलेली. चाली पक्क्या होत्या, पण कित्येक शब्दांचे अर्थ झिजून गेले होते. एका ओळीत "माजघर" शब्द आला. लक्षुमीबाईंनी विचारलं, हे काय असतं? काकूंनी उठून हाताने दाखवलं, ही ओसरी, हे इथे स्वयंपाकघर, आणि मधे हे माजघर, इथे बायका बसतात. बायका गाणं थांबवून बघत राहिल्या. त्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणापासून ती तो शब्द म्हणत होती आणि आज पहिल्यांदा त्या खोलीत शिरली होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी काकूंना पुन्हा बोलावलं. मग दर शनिवारी. मग बुधवारी मुलींसाठी वेगळा वर्ग. इथे असताना काकू अन्नपूर्णेलासुद्धा एकट्या जात नसत. तिथे त्या एकट्या बसने तीन गावं पलीकडे जाऊ लागल्या. त्यांनी कॅनव्हासचे बूट घेतले. व्हिडिओ कॉलमध्ये आता काकू दिसायच्या आणि त्यांच्यामागे चार-पाच बायका, मोठमोठ्याने हसत. त्या काकूंना आपल्या उच्चारात "तीचर" म्हणत. एकदा काकूंनी मला ते सांगितलं आणि तोंडाला पदर लावायचं विसरून हसल्या. काकूंचे दात मला त्या दिवशी नीट दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काका हळूहळू कॅमेऱ्यातून बाजूला झाले. ते वेगळा फोन करायचे, दुपारी, मी शाळेतून परत आले की. तेव्हा ते तिथलं काही सांगत नसत. इथलं विचारत. गिलकी आली का बाजारात? रिंग रोडच्या अलीकडचा खड्डा भरला का? जजसाहेब बाकाच्या डावीकडे बसतात की आता मधोमध? एकदा म्हणाले, "बेटा, फोन जरा खिडकीत ठेवतेस का?" मी ठेवला आणि चहा करायला गेले. परत आले तरी फोन सुरू होता. बाहेर भंगारवाला ओरडत होता, दोन बायका भांडत होत्या. काका ऐकत होते. मी हॅलो म्हटलं तर म्हणाले, "हओ, राहू दे अजून दोन मिनिटं."

दीड वर्षाने, डिसेंबरात, काका अचानक एकटेच इंदुरात आले.

कॉलनीला आनंद झाला. म्हणालो नव्हतो आम्ही? सगळ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. काका परत आले, आता काकूही येतील. थंडीतल्या गराडूच्या कंदाच्या फोडी तळल्या गेल्या. जजसाहेबांनी बाकाची उजवी बाजू रिकामी केली. पहिला आठवडाभर काका इतके बोलले की त्यांचा आवाज बसला. सकाळी पोहे, संध्याकाळी बाक, मधे घराघरांतून चहा. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. पोह्यांवर शेव घालताना त्यांचा हात थांबत नसे.

आठव्या दिवशी त्यांच्या फाटकासमोर एक गाडी थांबली. एक जोडपं उतरलं, बाईने स्वयंपाकघर बघितलं, बाप्याने गच्ची बघितली. काका घर विकत होते.

मी संध्याकाळी तडक गेले. काका पुढच्या खोलीत बसून कागद लावत होते. भिंतींवर फ्रेंच चिठ्ठ्या अजून होत्या. मी सरळच म्हटलं, काका, हे करू नका. भाड्याने द्या, कुलूप लावून ठेवा, पण विकू नका. उद्या तिथे नाहीच जमलं तर कुठे याल? काका ऐकत राहिले. मग मी नको तेही बोलले. म्हटलं, मला माहीत आहे तुम्ही फोन खिडकीत का ठेवायला लावता.

काकांनी कागद खाली ठेवले.

"घर आहे ना बेटा, तोवर ती विचारत राहणार," ते म्हणाले. "दर चार दिवसांनी विचारते. परत जायचं का? आणि विचारताना माझ्या तोंडाकडे बघते. मी नाही म्हणतो. पण तोंड थोडंच ऐकतं माझं? एक दिवस तिला कळेल आणि ती बॅग भरेल. एक शब्द न बोलता भरेल. घरच नसलं तर विचारणार नाही."

"पण काका, तुमचाच हट्ट होता ना जायचा?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं.

"तिथे उभा होतो मी. पुतणसुनेचं डोहाळजेवण होतं. सगळा स्वयंपाक हिने केला, चाळीस पानं. मग ओटी भरायची वेळ आली. ही पण पदर सारखा करून पुढे झाली. तर आमची मावशी म्हणते, निर्मला, तू जरा आत बघ गं, भात लागत असेल." काका दाराकडेच बघत होते. "भात केव्हाच उतरवलेला होता, बेटा. मीच उतरवला होता. तिला पण माहीत होतं. तरी ती आत गेली आणि रिकाम्या शेगडीपाशी उभी राहिली. आणि मी हातात ताटं घेऊन तिथेच उभा. काही बोललो नाही."

बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी "आलो" म्हटलं, पण उठले नाहीत.

"असं एकदा नाही झालं. वर्षानुवर्षं झालं. बोलायला पाहिजे होतं, नाही बोललो. आई होती, बहिणी होत्या. मग वाटलं, आता बोलून काय उपयोग? त्यापेक्षा हिला अशा ठिकाणी नेऊ, जिथे कुणी भात बघायला पाठवणार नाही. तिथे एकीने विचारलं, मुलं किती? ही म्हणाली, नाहीत. ती म्हणाली, बरं, मग शनिवारी लवकर येऊ शकशील. संपलं. एवढंच."

मी विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला करमतं का तिथे?"

"नाही करमत," काका म्हणाले. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "पण ती दुपारी झोपते आता. दोन ते साडेतीन. पंखा लावून, आडवी पडून, चांगली झोपते. मी लग्नानंतर तिला दुपारी झोपलेली पाहिलीच नव्हती."

मग म्हणाले, घरात मी खुर्ची सरकवतो, नळ सोडतो, तिची झोप मोडते. म्हणून ते त्या वेळी बाहेर पडतात. गावाच्या बस स्टॉपवर एक बाक आहे, तिथे बसतात. बस येते, ड्रायव्हर हात हलवतो, हे हात हलवतात, बस जाते. साडेतीनला घरी येतात, चहा टाकतात आणि मग तिला उठवतात.

पंधरा दिवसांत घराचे कागद झाले. काकांनी चिठ्ठ्या स्वतः खरवडून काढल्या. जाताना मला बजावून गेले की घर का विकलं यातलं काकूला काही कळता कामा नये. नव्या घरमालकांनी भिंतींना पिवळा रंग दिला आणि ओटल्याला जाळी बसवली.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्या घाईत होत्या, वर्गाच्या बायका खाली थांबल्या होत्या. घर विकल्याचं वाईट वाटलं का, असं मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, वाटलं थोडं, पण यांनीच ठरवलं ना. मग म्हणाल्या, "मला आधी शंका होती गं, यांना इथे जमतंय की नाही. पण एकदम रुळलेत. दुपारी माझा डोळा लागला की हे निघालेच फिरायला. घरात पाऊल ठरत नाही यांचं. इतकी कसली ओढ आहे देव जाणे."

मी म्हटलं, "हो काकू. चांगलं आहे."

त्या हसल्या, आणि बायकांना "आले, आले" म्हणत फोन ठेवला. आमच्याकडे तेव्हा साडेतीन वाजले होते. त्यांच्याकडे दोन. आज वर्गामुळे त्या झोपणार नव्हत्या, म्हणजे काका घरातच असतील. मी त्यांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मागून बसचा आवाज येत होता.

"काका, आज काकू घरी नाहीत ना? मग बाहेर कशाला?"

"हओ," ते म्हणाले. "घर फार शांत वाटलं बेटा." मग विचारलं, "तू बोल. आज काय भाजी?"